कोणता स्पर्श, कोणते भिंग?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी कोरियन भाषेची दुभाषी असून पुण्यातील एका कंपनीत काम करते. अलीकडे वैद्यकीय कागदपत्रांच्या भाषांतराचे कामही माझ्याकडे येऊ लागले आहे. इंग्रजीतील ‘कॉन्टॅक्ट’, ‘लेन्स’ आणि ‘कंडिशनिंग’ या तीन शब्दांपुढे कोशांत इतके कोरियन प्रतिशब्द दिलेले असतात की त्यांतला नेमका कोणता कुठे वापरावा, हे ठरवताना गोंधळ उडतो. यासाठी काही नियम सांगता येईल का? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : आपण निवडलेले तिन्ही शब्द मोठे फसवे आहेत. इंग्रजीत एकच शब्द चार ठिकाणी राबतो आणि अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. कोरियन वैद्यकात मात्र बहुतेक वेळा त्या चार ठिकाणी चार वेगळे शब्द असतात. त्यामुळे कोश उघडण्याआधी ‘हा कागद रुग्णालयाच्या कोणत्या विभागातून आला आहे?’ असे विचारावे. आमच्या मते नियम म्हणून एवढाच पुरे, बाकी सारा तपशील आहे. तो तपशील मात्र मनोरंजक आहे.

‘लेन्स’पासून सुरुवात करू. डोळ्यातील नैसर्गिक भिंगाला कोरियन भाषेत ‘सुजॉन्गछे’ म्हणतात. ‘सुजॉन्ग’ म्हणजे स्फटिक आणि ‘छे’ म्हणजे पिंड किंवा देह. डोळ्यावर ठेवायच्या भिंगाला मात्र इंग्रजीवरून आलेला ‘रेन्जु’ हा शब्द आहे. पूर्ण नाव ‘खोन्थेक्थु रेन्जु’, पण बोलताना सगळे नुसते ‘रेन्जु’ म्हणतात. आता इंग्रजी कागदावर ‘लेन्स काढली’ असे लिहिले असेल, तर कोरियन भाषांतरात ‘सुजॉन्गछे’ लिहिल्यास ती मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरते आणि ‘रेन्जु’ लिहिल्यास तपासणीपूर्वी संपर्कभिंग काढून डबीत ठेवणे ठरते. विम्याच्या दाव्यात या दोहोंमध्ये केवढे अंतर पडेल, हे आपल्यासारख्या दुभाषीला वेगळे सांगायला नको.

एवढ्यावर भागले असते तर बरे झाले असते. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवलेल्या कृत्रिम भिंगाला ‘इन्गोंग सुजॉन्गछे’, म्हणजे कृत्रिम स्फटिकपिंड म्हणतात, कारण ते मूळ भिंगाची जागा घेते. पण जास्त नंबर असलेल्या तरुण रुग्णाचे नैसर्गिक भिंग जागेवर तसेच ठेवून, त्याच्या पुढे आणखी एक भिंग बसवण्याची जी शस्त्रक्रिया असते, तिला ‘आन्ने रेन्जु साबिप्सुल’ म्हणतात. येथे भिंग डोळ्याच्या आत असूनही शब्द ‘रेन्जु’च आहे. म्हणजे भिंग आत आहे की बाहेर, यावर शब्द ठरत नाही. ते कोणाची जागा घेते, यावर ठरतो. या नावातील ‘आन्ने’ म्हणजे ‘नेत्राच्या आत’. गंमत अशी की रुग्णालयाच्या दाराशी असलेल्या चौकशीच्या खिडकीवरही ‘आन्ने’च लिहिलेले असते आणि तेथे त्याचा अर्थ ‘मार्गदर्शन’ असा होतो. चिनी चित्रलिपीत हे दोन शब्द वेगळे दिसतात, हान्गुल या कोरियन लिपीत मात्र हुबेहूब सारखे. घाईत काम करणाऱ्या भाषांतरकाराच्या हातून ‘मार्गदर्शक भिंग’ असा चमत्कार घडू शकतो.

‘कॉन्टॅक्ट’च्या बाबतीत मुख्य शब्द ‘जॉप्छोक’, म्हणजे स्पर्श किंवा संसर्ग घडवणारा सहवास. एखाद्या धातूमुळे किंवा रसायनामुळे त्वचेला होणारा दाह हा ‘जॉप्छोक फिबुयॉम’, आणि साथीच्या काळात बाधित व्यक्तीच्या निकट आलेला माणूस हा ‘मिल्जॉप जॉप्छोक्जा’. येथपर्यंत मराठीतील ‘स्पर्श’ आणि ‘संपर्क’ या दोन शब्दांनी काम भागते. पण बालरोगतज्ज्ञ जेव्हा ‘मूल आय कॉन्टॅक्ट करते का?’ असे नोंदवतात, तेव्हा ‘जॉप्छोक’ चालत नाही, कारण डोळ्याला डोळा टेकलेला नसतो. तेथे ‘नुन्मात्छुम’ हा शुद्ध देशी शब्द आहे. ‘नुन’ म्हणजे डोळा आणि ‘मात्छुम’ म्हणजे जुळवणी. नजरेला नजर देणे, हे त्याचे मराठी. तिसरा प्रकार म्हणजे आपत्कालीन संपर्क, जेथे फोन क्रमांक अपेक्षित असतो. तेथे ‘यॉल्लाक’ हा निराळाच शब्द लागतो. दाखल होतानाच्या अर्जात ‘कॉन्टॅक्ट’ या रकान्यापुढे ‘जॉप्छोक’ लिहिले, तर रुग्ण त्या रकान्यात कोणाला शिवला होता, ते लिहीत बसेल.

आता सर्वांत जोखमीचा शब्द, ‘कंडिशनिंग’. मानसशास्त्रात त्याला, म्हणजे एखाद्या खुणेशी प्रतिक्रिया सवयीने जोडली जाण्याला, मराठी पाठ्यपुस्तकांत ‘अभिसंधान’ हा चांगला प्रतिशब्द आहे. कोरियन भाषेत त्याचा पाया ‘जोगॉन’ हा शब्द आहे, ज्याचा रोजचा अर्थ ‘अट’ असा होतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातील घंटा वाजताच सुटणारी कुत्र्याची लाळ म्हणजे ‘जोगॉन बान्सा’, अक्षरशः ‘अटीवर अवलंबून असलेली प्रतिक्षिप्त क्रिया’. पाव्हलॉव्ह यांचा मूळ रशियन शब्दही ‘सशर्त’ अशाच अर्थाचा आहे. इंग्रजी भाषांतरात तो ‘घडवलेली’ या अर्थाकडे सरकला. म्हणजे या एका ठिकाणी कोरियन शब्द इंग्रजीपेक्षा मुळाच्या अधिक जवळ आहे. ‘मुजोगॉन’ म्हणजे बिनशर्त. शास्त्रात तो जन्मजात प्रतिक्षिप्त क्रियेसाठी वापरतात आणि बाजारात ‘काहीही झाले तरी नक्की’ या अर्थाने.

परंतु रक्तविकारांच्या विभागात ‘कंडिशनिंग’चा या कशाशीही संबंध नसतो. अस्थिमज्जेचे किंवा रक्तमूलपेशींचे (रक्तपेशी घडवणाऱ्या मूळ पेशींचे) प्रत्यारोपण करण्यापूर्वी रुग्णाला तीव्र मात्रेतील केमोथेरपी आणि काही वेळा संपूर्ण शरीराचे किरणोपचार दिले जातात. उरलेल्या कर्करोगपेशी नष्ट व्हाव्यात आणि दात्याच्या पेशी नाकारल्या जाऊ नयेत म्हणून रुग्णाची प्रतिकारयंत्रणा दबावी, हे दोन त्यामागचे हेतू. बुसल्फान, सायक्लोफॉस्फमाइड, फ्लुडाराबिन ही त्यात वापरली जाणारी औषधे आहेत. या साऱ्याला कोरियन डॉक्टर ‘जॉन्छॉछी’ म्हणतात, म्हणजे ‘आधीचा उपचार’. शब्द इतका सौम्य आहे की मराठीत सहजच ‘पूर्वतयारी’ लिहिले जाते, आणि तेथेच घोटाळा होतो, कारण मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीआधी पोट साफ करण्यासाठी जे औषध पितात, त्यालाही कोरियन भाषेत ‘जॉन्छॉछी’च म्हणतात. एका ‘जॉन्छॉछी’त रुग्ण रात्रभर शौचालयात फेऱ्या मारतो, दुसऱ्यात त्याची अस्थिमज्जा रिकामी केली जाते आणि त्यासाठी संमतिपत्रावर त्याची किंवा पालकांची सही घ्यावी लागते. अशा संमतिपत्राच्या मराठी भाषांतरात ‘प्रत्यारोपणापूर्वी अस्थिमज्जा नष्ट करण्यासाठी किंवा दाबून ठेवण्यासाठी दिलेली केमोथेरपी’ असे लांबलचक पण स्पष्ट लिहावे, असा आमचा आग्रह आहे. येथे सुटसुटीतपणा रुग्णाच्या हिताचा नाही.

एकाच वॉर्डात दोन्ही अर्थ एकमेकांसमोर येतात, हेही ध्यानात ठेवावे. केमोथेरपीच्या काही फेऱ्या झालेल्या रुग्णाला पुढच्या वेळी औषध सुरू होण्याआधीच, केवळ त्या खोलीच्या वासानेही मळमळू लागते. ही मळमळ ‘अभिसंधाना’ने आलेली असते, म्हणजे ‘जोगॉन’वाली. तिचे कारण सांगणारे वाक्य आणि प्रत्यारोपणाआधीच्या ‘जॉन्छॉछी’चे वाक्य एकाच इंग्रजी अहवालात असेल, तर ‘कंडिशनिंग’ सरसकट बदलण्याची संगणकाची सोय कटाक्षाने टाळावी.

प्रश्न : आमचा मुलगा दक्षिण कोरियातील देजॉन येथे संशोधन करतो. तेथे त्याने संपर्कभिंगे घेतली. त्याने पाठवलेल्या कागदावर दृष्टी ०.३ आणि ०.४ अशी लिहिली आहे, तर नंबर उणे सहा आहे. नंबर इतका असताना ०.३ कसे? शिवाय भिंगाच्या खोक्यावर उणे ५.५० लिहिले आहे. चुकीचे भिंग तर दिले नाही ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण काळजी करू नये, कारण या तिन्ही आकड्यांचे मोजमाप वेगवेगळे आहे. आपल्याकडे नेत्रतज्ज्ञ दृष्टी ६/६, ६/९, ६/१८ अशी लिहितात. कोरियात तीच दशांशात लिहिण्याची पद्धत आहे. ६/६ म्हणजे १.०, ६/१२ म्हणजे ०.५ आणि ६/१८ म्हणजे सुमारे ०.३. हा आकडा डोळा किती वाचू शकतो हे सांगतो. भिंगाची शक्ती हा त्याहून वेगळा आकडा असून त्याला कोरियन भाषेत ‘दोसु’ म्हणतात. मराठीत आपण ‘नंबर’ म्हणतो तो हाच. मात्र उणे सहा नंबरचा डोळा उघड्या नजरेने ०.३ पर्यंत वाचत नाही. त्याची उघडी दृष्टी यापेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे हे आकडे जुन्या, कमी नंबरच्या चष्म्यासह घेतलेले असण्याची शक्यता अधिक. ते चष्म्यासह घेतले की त्याविना, याची नोंद कागदावर शोधायला मुलास सांगावे. नव्या भिंगासह घेतलेले असतील, तर मात्र पुन्हा तपासणी करून घ्यावी.

उणे सहा आणि उणे ५.५० मधील फरक चुकीचा नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असते आणि संपर्कभिंग थेट पारपटलावर (कॉर्नियावर) बसते. लघुदृष्टीत भिंग डोळ्याच्या जवळ आले की कमी शक्ती पुरते. उणे चारपर्यंत हा फरक नगण्य असतो. उणे सहाला हिशेब उणे ५.६० च्या आसपास येतो आणि बाजारात पाव-पाव अंकांनी भिंगे मिळत असल्याने उणे ५.५० दिले जाते. खोक्यावर ८.६ किंवा ८.५ सारखा जो आकडा असतो तो भिंगाच्या आतील वक्रतेची त्रिज्या आणि १४.० किंवा १४.२ हा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

मुलास काही शब्द माहीत असलेले बरे. ‘गुन्शी’ म्हणजे लघुदृष्टी, ‘वॉन्शी’ म्हणजे दूरदृष्टी, ‘नान्शी’ म्हणजे दृष्टिवैषम्य, ‘ऊआन’ उजवा डोळा आणि ‘ज्वाआन’ डावा. भिंगे तेथे चष्म्याच्या दुकानातून, म्हणजे ‘आन्ग्यॉन्गवॉन’मधून घ्यावी लागतात, कारण त्यांच्या ऑनलाइन विक्रीवर तेथील कायद्याने निर्बंध आहेत. नळाच्या पाण्याने भिंग वा डबी धुवू नये, हे मात्र त्याला जरूर बजावावे. तेथे ‘गाशी आमेबा’ या नावाने ओळखला जाणारा अकॅन्थामीबा हा सूक्ष्मजीव पाण्यातून पारपटलावर पोहोचला, तर होणारा दाह महिनोन्‌महिने बरा होत नाही. ‘गाशी’ म्हणजे काटा. अकॅन्थामीबा या नावातील ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच.

प्रश्न : कोरियन लोकांनी वैद्यकीय शब्द शुद्ध देशी का केले नाहीत? चिनी मुळाचे इतके शब्द का वापरतात? (एक डॉक्टर, नागपूर)

उत्तर : प्रयत्न झाला. कोरियन मेडिकल असोसिएशनने आपली वैद्यकीय परिभाषासूची प्रथम १९७७ मध्ये काढली आणि २००१ च्या चौथ्या आवृत्तीत देशी शब्दांवर मोठा भर दिला. काही शब्द रुजले. पापणीला ‘आन्गॉम’ऐवजी ‘नुन्क्कॉफुल’ म्हणणे कोणाला खटकले नाही, कारण तो शब्द घराघरांत होताच. पण हाडे ठिसूळ होण्याच्या विकारासाठी घडवलेला ‘प्प्यॉ-ऑन्गसॉन्ग-जुंग’ लोकांच्या तोंडी बसला नाही. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही चिनी मुळाच्या ‘गोल्दागोंग्जुंग’वरच, म्हणजे ‘हाडांत पुष्कळ छिद्रे पडण्याचा रोग’ यावरच राहिले. पुढे २००९ च्या पाचव्या आवृत्तीत दोन्ही प्रकारचे शब्द शेजारी ठेवण्याचा समंजस मार्ग निवडला गेला.

कोरियन भाषेत चिनी मुळाच्या शब्दांचे स्थान मराठीतील संस्कृत तत्सम शब्दांसारखे आहे. आपण ‘दृष्टिपटल’ लिहितो, ते ‘मांग्माक’, म्हणजे जाळीचा पडदा म्हणतात. ‘मोतीबिंदू’ हा शब्द मात्र आपल्याकडे लोकांच्या तोंडचा आहे, तर त्यांचा ‘बेंगनेजांग’ हा ‘आतला पांढरा अडथळा’ अशा अर्थाचा पंडिती शब्द असूनही बाजारहाट करणाऱ्या आजीबाईंच्या तोंडी सहज असतो. शब्द कोणत्या मुळाचा, यापेक्षा तो किती वेळा कानावर पडतो यावर त्याचे रुजणे अवलंबून असते, असे आमचे मत झाले आहे. मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनी ‘पारपटल’ शब्द कोशात ठेवून दवाखान्यात ‘कॉर्निया’च म्हणत राहायचे ठरवले, तर दोष संस्कृतचा नव्हे.