एडिटर, जुना लॅपटॉप, कीबोर्ड आणि लोकलमधला गेम: माझी मतं

तुमचे प्रश्न चार: प्रोग्रॅमर म्हणून पहिली नोकरी लागतेय तर कोड लिहायचा एडिटर कुठला धरावा, रिफर्बिश्ड (म्हणजे वापरलेला, ठीकठाक करून परत विकलेला) लॅपटॉप घ्यावा का, मेकॅनिकल कीबोर्डवर पैसे घालावेत का, आणि डोंबिवली-सीएसटी लोकलमध्ये खेळायला असा गेम कुठला की ज्यात अडकून पडायला होणार नाही. आधी माझी चाळणी सांगतो, म्हणजे पुढची मतं कुठून येतायत ते कळेल. मी हातात घेईपर्यंत जी वस्तू गप्प बसते ती मला चालते, जी स्वतःहून हाका मारत सुटते ती मी काढून टाकतो, मग तो एडिटर असो, फोन असो नाहीतर गेम.

एडिटरचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड टाका आणि कामाला लागा. इलेक्ट्रॉनवर बनलाय, म्हणजे आत अख्खा ब्राउझर बसलाय, रॅम खातो, हे सगळं खरंय, पण टीममधले बाकीचे तोच वापरत असणार आणि पहिले काही महिने शेजारच्याला "हे कसं केलंस रे" असं विचारता येणं कुठल्याही फीचरपेक्षा मोलाचं असतं. फक्त टाकल्या टाकल्या टेलिमेट्री (तुमच्या वापराची माहिती कंपनीला पाठवणं) बंद करा, आणि कोणीतरी यूट्यूबवर सांगितली म्हणून एक्स्टेन्शनं (एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) भरत बसू नका, त्यातली निम्मी कोपऱ्यात काहीतरी पॉपअप दाखवण्यापलीकडे काही करत नाहीत.

आणि एडिटरवरून भांडायचे दिवस खरं तर गेलेत. पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेची मदत वेगळी लिहावी लागायची, म्हणजे पायथनचं ऑटोकम्प्लीट (टाइप करताना पुढचं सुचवणं) विम या जुन्या एडिटरसाठी वेगळं, तसल्याच ईमॅक्ससाठी वेगळं. मग 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, भाषेचं ज्ञान असलेला एक प्रोग्रॅम बाजूला चालतो आणि एडिटर त्याला फक्त प्रश्न विचारतो. तो सर्व्हर एकदा लिहिला की सगळ्यांना चालतो, विमच्या नव्या अवतारात, नीओविममध्ये तर 2021 पासून ही सोय अंगभूतच आहे. त्यामुळे उद्या एडिटर बदलावासा वाटला तरी फार काही सुटणार नाही. ॲटम एडिटर आठवतोय का, काही वर्षांपूर्वी सगळ्यांच्या तोंडी होता, डिसेंबर 2022 मध्ये गिटहबने बंद करून टाकला. ज्यांचा कोड साध्या टेक्स्ट फायलींत होता त्यांचं काहीच बिघडलं नाही.

विम मात्र कामापुरता शिकाच, आवडो न आवडो. कधीतरी सर्व्हरवर लॉगिन कराल आणि तिथे दुसरं काही नसेल. विममधून बाहेर कसं पडायचं हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न 2017 मध्येच दहा लाख वेळा पाहून झाला होता, तेव्हा लाज वाटून घेऊ नका. एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. (न जतन करता बाहेर, हे लक्षात असू द्या.)

खरा वेळ घालवायचा असेल तर तो गिटवर, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर घालवा. सगळे कमिट (बदलांची एक नोंद करणं), पुश, पुल एवढंच शिकतात आणि काही अडलं की फोल्डर पुसून परत क्लोन करतात, म्हणजे अख्खी प्रत नव्याने उतरवतात, असं करणारे दहा वर्षं अनुभवाचे लोक मी बघितलेत. दोन गोष्टी नीट शिका. एक रिफ्लॉग, म्हणजे तुम्ही कुठल्या कुठल्या कमिटवर होतात त्याची गिटने ठेवलेली यादी, चुकीचं रीसेट मारून कमिट "गेला" असं वाटतं तेव्हा तो सहसा तिथे सापडतो. दुसरी बायसेक्ट, ही माझी सगळ्यात आवडती. परवापर्यंत चालणारी गोष्ट आज मोडलीय आणि मधे हजार कमिट झालेत, तर तुम्ही गिटला एक चांगला कमिट सांगायचा, एक बिघडलेला सांगायचा, तो मधला काढून देतो, तुम्ही तपासून बरा की वाईट एवढंच सांगायचं, परत उरलेल्यातला मधला, असं दहाएक पायऱ्यांत गुन्हेगार कमिट हातात येतो. टेस्टची स्क्रिप्ट असेल तर बायसेक्ट रनला ती देऊन चहाला जा, आल्यावर उत्तर तयार. अट एकच, कमिट छोटे हवेत. शुक्रवारी संध्याकाळी आठवडाभराचं काम एका कमिटमध्ये कोंबणाऱ्यांना याचा काही उपयोग नाही, मिळून मिळून कळणार काय तर "त्या आठवड्यात काहीतरी बिघडलं".

एआय असिस्टंटबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. वापरा, पण टाइप करताना आपोआप उमटणाऱ्या त्या करड्या ओळी बंद ठेवा आणि हवं तेव्हा शॉर्टकटने मागवा. आपण विचार करत असताना कोणी वाक्य पूर्ण करून देत असेल तर विचार तिथेच तुटतो, आणि नवीन माणसाला तर समोर आलेलं बरोबर आहे की नाही हे ओळखायची सवय अजून लागायची असते.

लॅपटॉप: हो, रिफर्बिश्ड घ्या. थिंकपॅड टी480 सारखं मॉडेल बघा, रॅमचे दोन स्लॉट आहेत, पुढे स्वतः वाढवता येते, एक बॅटरी आत आणि एक बाहेरून निघणारी. पण प्रोसेसर कुठल्या पिढीचा ते बघूनच पैसे द्या, कारण टी480 काही सातव्या पिढीच्या इंटेलवरही आला होता आणि विंडोज 11 ला आठवी पिढी लागते. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून विकणारे असे मागचे नग स्वस्तात काढतायत. लिनक्स टाकणार असाल तर बिनधास्त घ्या, तो छान चालतो. लॅमिंग्टन रोडला जा किंवा कुठेही, दुकानातच बायॉस (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) उघडून बघा, कंपन्यांच्या लॉटमधून आलेल्या मशीनला कधीकधी पासवर्ड तसाच असतो आणि नंतर डोकं आपटत बसावं लागतं. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही आकडे बघा, "बॅटरी एकदम मस्त आहे साहेब" यावर जाऊ नका.

कीबोर्ड ही हौस आहे, गरज नाही. आवाज आवडत असेल तर टीव्हीएस गोल्ड घ्या, बँकेत आणि मेडिकलच्या काउंटरवर वर्षानुवर्षं टकटक वाजतोय तोच, आत चेरी कंपनीचे टकटक करणारे निळे स्विच. ओपन ऑफिसमध्ये मात्र नेऊ नका, लोक शिव्या घालतील. तिथे कमी आवाजाचा, लाल किंवा तपकिरी स्विचवाला कुठलाही चालेल.

आता गेम. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ मिळतात आणि संपल्या की दर अर्ध्या तासाला एक परत येते, म्हणजे परत कधी यायचं ते तुम्ही नाही, गेम ठरवतो. रोज लॉगिन केल्याचं बक्षीस, लुडोतलं "तुमचा मित्र वाट बघतोय", सगळी तीच हाक. नवीन ॲप टाकलं की सूचना पाठवू का असं विचारतं (अँड्रॉइड 13 पासून विचारावंच लागतं), गेम असेल तर डोळे मिटून नाही म्हणा. बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) वाईट नाही, पण मॅच मधेच सोडून दादरला उतरता येत नाही, त्यामुळे लोकलसाठी बाद. 2048 हा आकडे जोडायचा गेम चालेल, पण 2014 मध्ये गाब्रिएले चिरुलीने तो सोर्स कोडसकट फुकट दिला आणि आता स्टोअरमध्ये त्याच्या नकला जाहिरातींनी भरल्यात, ब्राउझरमधला मूळचाच खेळा. बुद्धिबळ येत असेल तर लीचेस, पूर्ण फुकट, एकही जाहिरात नाही.

पण माझ्या फोनमध्ये कायम असतो तो सायमन टॅथमचा कोडीसंग्रह. हा तोच माणूस ज्याने पुटी लिहिलं, विंडोजवरून सर्व्हरला जाताना तुम्ही ते वापरलं असेलच. चाळीसच्या आसपास कोडी आहेत, जाहिरात नाही, पैसे नाहीत, इंटरनेट लागत नाही, लेव्हल नाहीत, स्कोअर नाही. कोडं अर्धवट सोडून उतरा, संध्याकाळी तिथूनच पुढे चालू. प्रत्येक कोडं तिथल्या तिथे तयार होतं, त्यामुळे संपत नाही, आणि त्यातल्या माइन्सची खासियत अशी की विंडोजच्या जुन्या माइनस्वीपरमध्ये शेवटी दोन चौकोन उरायचे आणि नशिबावर सोडावं लागायचं तसं इथे होत नाही, नुसत्या तर्काने सुटेल असंच मैदान तो बनवतो. प्रोग्रॅमर म्हणून त्याचा कोडही वाचा, सीमध्ये आहे, खुला आहे, आणि कोडं बनवणाऱ्या जनरेटरच्या आत ते सोडवणारा सॉल्व्हर चालवून कोडं सुटतंय ना ते कसं तपासलंय ते बघण्यासारखं आहे. खेळायला सुरुवात ब्रिजेसपासून करा, लूपी थोडं डोकं खातं, ते नंतर.