काळी दारू टिकते, काडतूस टिकवावं लागतं

प्रश्न : माझ्याकडे परवान्याची जुन्या घडणीची रायफल आहे. तिची काळ्या दारूची पितळी काडतुसं काही वर्षांपासून ओकच्या लाकडी पेटीत आहेत. आता शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी दिसते. दारू बिघडली का? पुढे ती कशी ठेवू?

उत्तर : दोष दारूचा नाही, पेटीचा आहे. ओकच्या लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ सावकाश निघत राहते आणि बंद जागेत ती शिसं खाते. संग्रहालयांत ओकच्या कपाटातल्या शिशाच्या वस्तू अशाच पांढऱ्या पडतात. भुकटी विषारी असते, तेव्हा फुंकून उडवू नका. हातमोजे घाला.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. धूररहित दारू आपसूक कुजते, तशी ही कुजत नाही. कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ओल शिरली की मात्र सोरा दाण्यातून बाहेर येतो. मग कितीही वाळवा, ती पहिल्यासारखी होत नाही. काडतुसं उन्हात घालायचा विचार तर मनातही आणू नका.

मला खरी धास्ती पितळाची वाटते. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की त्यांचं पितळ तडकायचं. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये नीट उलगडलं. पितळ चकाकवायच्या कित्येक पॉलिशमध्ये हाच अमोनिया असतो. काळवंडलेलं पितळ काळंच राहू द्या, नेम काही चुकत नाही! तेलाचा हातही फिरवू नका. ते झिरपून टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागात, उतरलं की बार फुसका.

काडतुसं मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि खोकी रबरी गॅस्केटच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. सोबत ओल शोषणारं सिलिका जेल. रंग पालटला की बदला. डबा कोरड्या हवेच्या दिवशी बंद करा. दिवसा तापणारी, रात्री गार पडणारी जागा नको, आत दव धरतं. कुलूप हवंच.

सुटी दारू मात्र जाड पोलादी तिजोरीत कधीच ठेवू नये. आगीत सुटं काडतूस फुटलं तरी त्याचं पितळ फाटतं आणि जोर तिथेच विरतो; कोंडलेली दारू मात्र तिजोरीचाच बॉम्ब करते.

पांढरी पडलेली काडतुसं वेगळी काढा. ती बंदुकीतून झाडू नका, उकलूनही बघू नका. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिसांना आधी कळवा आणि ती कुठे, कशी जमा करायची ते त्यांनाच ठरवू द्या.