ब्लेंडरमध्ये नवा नोड मागण्याआधी

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या जिओमेट्री नोड्समध्ये (नोड म्हणजे डबे, ते वायरींनी जोडून आकार घडवायची सोय) काय काय हवं याची तुझी यादी वाचली. त्यातलं बरंच काही आधीपासून आहे, फक्त दडलेलं. वायरींचा गुंता होतो ना? शिफ्ट धरून राइट-क्लिकने त्यांच्यावरून रेघ ओढ, रीरूट, म्हणजे वायर वळवायचा ठिपका, बसतो. नोड रँगलर हे नोडचं काम सोपं करणारं ॲड-ऑन ब्लेंडरसोबतच येतं, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन चालू कर.

उरलेलं मागताना ‘इथे बटण द्या’ असं लिहू नकोस. काय करायला बसला होतास, कुठे अडलास ते लिही आणि छोटीशी ब्लेंड फाइल जोड. उपाय डेव्हलपरवर सोड. ब्लेंडरच्या २.९२ आवृत्तीत (२०२१) ॲट्रिब्यूटचं, म्हणजे आकारासोबत साठवलेल्या माहितीचं, नाव नोडमध्ये हाताने टाइप करावं लागे. तेव्हा कोणीही म्हणालं असतं, नावांची यादी द्या. त्याच वर्षी ३.० मध्ये फील्ड्स आले, म्हणजे ही माहिती नावाऐवजी थेट वायरीने जोडता येऊ लागली, आणि नावांची ती कटकटच बहुतेक ठिकाणी संपली. मागितलेल्या बटणापेक्षा मोठा उपाय निघतो तो असा.

आणि हो, बग ट्रॅकरवर सूचना टाकू नकोस. तिथे फक्त बिघाड घेतात, बाकीचं सरळ बंद करतात. रागावून उपयोग नाही. शॉर्टकट बदला म्हणणार असशील तर जरा जपून, २.८ मध्ये लेफ्ट-क्लिक सिलेक्ट डिफॉल्ट झालं, तरी जुन्यांसाठी राइट-क्लिकचा पर्याय ठेवावाच लागला.