कानावरचा रिसर्च, पण पीएचडी नको? मग हे वाचा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी सांगलीत बीएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला, तिला ऐकणं आणि शरीराचा तोल यावरच्या रिसर्चमध्ये जायचंय पण पीएचडी नको म्हणते, अमेरिकेतल्या कोअर फॅसिलिटीबद्दल (म्हणजे अनेक लॅबनी मिळून वापरायची मशीनं आणि ती चालवणारी तज्ज्ञ माणसं) वाचून तेच डोक्यात घेऊन बसलीय, आणि घरचे म्हणतात हे तर लॅब असिस्टंटचंच काम झालं. तसं नाहीये हो.

आतला कान कवटीतल्या सगळ्यात टणक हाडात रुतून बसलेला असतो. साधा उंदराचा कान बघायचा तरी आधी तो ईडीटीए नावाच्या रसायनात ठेवून हाडातलं कॅल्शियम काढायचं, त्यात काही दिवस जातात, मग मायक्रोस्कोपखाली चिमट्यानं शंखासारखा भाग एकेक वळसा करत सोडवायचा, रंगवायचा आणि कॉन्फोकलवर (लेझरवर चालणारा मायक्रोस्कोप) त्यातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मोजायच्या. माणसाच्या एका कानात या पेशी साधारण १५ हजार, एकदा गेल्या की परत येत नाहीत (कोंबडीला येतात, गंमतच आहे). आता हाच ईडीटीए तोलाच्या भागातले कॅल्शियमचे बारीक खडेही विरघळवून टाकतो, म्हणजे जे खडे जागचे हलले की माणसाला गरगरतं, त्यांचाच अभ्यास करायचा असेल तर ही पद्धत चालणारच नाही. नव्या पीएचडीवाल्या पोराला हे सांगणारं माणूस कोण, तर कोअरमधलं. त्याला असिस्टंट म्हणायचं तर म्हणा बापडे!

अमेरिकेत एनआयडीसीडी म्हणून बहिरेपणा आणि संवादाच्या विकारांवरची सरकारी संस्था आहे, १९८८ची, ती अशा सामाईक सोयींसाठी वेगळी ग्रँट देते, त्यातून स्लाईड बनवणं, इमेजिंग, इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप असं चालतं आणि पाच-दहा लॅब ते मिळून वापरतात, प्रत्येकानं आपापलं कॉन्फोकल घ्यायची गरज नाही.

आपल्याकडे अशी मशीनं बहुतेक सगळ्या विषयांना मिळून असतात. बंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत आतल्या कानावर काम करणारी लॅब आहे आणि त्याच कॅम्पसमध्ये सी-कॅम्प ही सामाईक मशीनांची संस्था, तिथे मायक्रोस्कोपीची ट्रेनिंगही होतात. मुंबईत आयआयटीत सैफ हे असंच सामाईक मशीनांचं केंद्र आहे. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कुठल्या संस्थेत कुठलं मशीन आहे ते दिसतं, तिला एक रविवार त्यावर घालवू दे.

म्हैसूरचं आयश (१९६५) आणि वांद्र्याचं अली यावर जंग (१९८३) या वाचा-श्रवणावरच्या संस्थांची नावं तुम्ही लिहिलीत, संस्था उत्तमच, पण ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारी तज्ज्ञ) व्हायचं तर बीएएसएलपी ही त्यातली पदवी पहिल्यापासून करावी लागेल, बायोटेकवरून थेट एमएस्सी ऑडिओलॉजीला घेत नाहीत. चार वर्षं जातील, आणि तो रस्ता मुख्यतः पेशंटकडे जातो. तिला मशीनं आवडतात ना, मग माझं मत स्पष्ट आहे, एमएस्सी करायची आणि प्रोजेक्ट अशाच ठिकाणी घ्यायचा जिथे हिस्टॉलॉजी (ऊतींचे पातळ काप करून रंगवणं) नाहीतर कॉन्फोकल स्वतःच्या हातानं करायला मिळेल, नुसतं बाजूला उभं राहून बघायला नाही. विषय कानाचा नसला तरी चालेल, हात बसला की कानाकडे नंतर वळता येतं. तीन विज्ञान अकादमींची समर फेलोशिप असते, त्याला अर्ज करायला सांगा.

एक मात्र आहे, आपल्याकडे या पोस्ट बऱ्याचदा प्रोजेक्टवर, काँट्रॅक्टच्या असतात, प्रोजेक्ट संपला की नवीन शोधा. इंटरव्ह्यूला गेली की पोस्ट किती वर्षांची आणि पगार कुठल्या ग्रँटमधून येणार, हे तिनं न लाजता विचारावं.