शहाद्याकडची मुलगी, शाळा अर्धवट सुटली. पोक्सोत (अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) वय कसं सिद्ध करायचं?

आधार कार्डावर विसंबू नका. जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय. बाल न्याय कायदा २०१५, कलम ९४ चा क्रम असा: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तिच्यात दोन वर्षं इकडे-तिकडे होतात, आणि सतरा-अठराच्या उंबरठ्यावर तेवढ्यानेच केस घसरते.

नुसता शाळा सोडल्याचा दाखला पुरत नाही. पहिलीच्या प्रवेशाचं जनरल रजिस्टर काढायला लावा आणि ते घेऊन मुख्याध्यापकांना साक्षीला बोलवा. पहिला प्रश्न हाच येतो: ही तारीख कशावरून लिहिली? गुरुजींनी अंदाजे १ जून टाकलेली असते (हे फार दिसतं), तिथेच बचावपक्ष धरतो.

मुलगी पावरी किंवा अहिराणीच बोलत असेल तर जबाबाला दुभाष्या मागा, पोक्सोत तशी तरतूद आहे. तिचे शब्द जसेच्या तसे उतरले पाहिजेत. ‘अतिप्रसंग केला’ असलं पोलीस ठाण्याच्या छापाचं मराठी तिच्या तोंडी घातलं की उलटतपासणीत फाटतं.