निवेदकाने गाऊ नये? मग जिम रीव्हज कोण होता?

प्रश्न असा आहे: 'कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण ढंगाचं संगीत) गायक जिम रीव्हज आधी रेडिओवर निवेदक होता असं वाचलं. निवेदनाचं काम करता करता गायक होता येतं का?'

येतं. न यायला काय झालं?

आमच्या वसईत नाताळ म्हटला की जिम रीव्हज आलाच. पपांकडे त्याची एक कॅसेट होती, दर डिसेंबरात टेप बाहेर यायची आणि मी पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचो. हा माणूस मूळचा रेडिओवाला, हे मात्र फार उशिरा कळलं. टेक्ससमधल्या खेड्यातला, १९२३ चा जन्म. बेसबॉलमध्ये पिचर होता. पायाची नस दुखावली आणि खेळ सुटला. मग पोटासाठी रेडिओ. आधी हेंडरसन गावातलं छोटं स्टेशन, नंतर श्रीवपोर्टचं केडब्ल्यूकेएच, ५०,००० वॅटचं. तिथून शनिवारी रात्री 'लुइझियाना हेराइड' हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा. हँक विल्यम्स तिथे गाजला, एल्व्हिसही पुढे तिथेच उभा राहिला. जिम तिथे गायकांची नावं पुकारायचा. १९५२ मध्ये एका रात्री ठरलेला गायक आलाच नाही, म्हणून यालाच गायला उभं केलं, अशी गोष्ट सांगतात. न आलेला गायक कोण, ते मात्र सांगणारा बदलला की बदलतं.

आता माझं. १९९८, जानेवारीतलं लग्न, मांडव आगाशीला. मी एमसी, म्हणजे निवेदक. बँडचा गायक ठाण्याहून निघालेला, तो घोडबंदर रोडला अडकला. केक कापून झाला, टोस्ट झाला, नवरा-नवरी पहिल्या नाचाला उभे, आणि गाणार कोण? कीबोर्डवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी पपांच्या कॅसेटमधली सहा गाणी गायलो, दोन तर दोनदा. गळा माझा बेताचाच, वरचा सा लागत नाही. पण माइक कसा धरायचा ते मला ठाऊक होतं. 'प' आणि 'ब' आला की तोंड जरासं तिरकं करायचं, नाहीतर स्पीकरमधून फट्‌ असा आवाज येतो. श्वास घ्यायचा तो माइकपासून बाजूला. आणि ओरडायचं नाही, मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज न्यायचं काम स्पीकरचं. नवरीची आजी जवळ येऊन म्हणाली, "बाळा, शब्द न शब्द कळला रे." दहा वाजून कितीतरी मिनिटं झाल्यावर गायक आला, तीन गाणी गायला. हिशोबाला बसल्यावर बँडच्या मालकाने त्याला पूर्ण पैसे दिले आणि मला म्हणाला, "तू बोलायचे पैसे घेतोस ना? निवेदकाने निवेदन करावं."

तर मालक, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. १९५३ मध्ये त्याचं 'मेक्सिकन जो' अमेरिकेत कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण त्यात जिम इतरांसारखाच वरच्या पट्टीत, जोर लावून गातो. आपण ज्याला जिम रीव्हज म्हणतो तो १९५७ च्या 'फोर वॉल्स'मध्ये सापडला. पट्टी खाली आणली, ओठ माइकला जवळजवळ टेकवले आणि शेजारी बसलेल्याशी बोलावं तसा गायला. ही अक्कल त्याला स्टुडिओत एकटं बसून अनोळखी माणसांशी बोलण्यातूनच आली असणार, असं माझं ठाम मत आहे. 'ही'ल हॅव टू गो' तर चक्क फोनवर बोलणाऱ्या माणसाचं गाणं! १९६४ मध्ये स्वतः चालवत असलेलं छोटं विमान नॅशव्हिलजवळ वादळात कोसळून तो गेला, चाळिशीतच. आणि तरी १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचंच 'डिस्टंट ड्रम्स' पहिलं. बोला!

हां, एक सांगायचं राहिलं. ती शनिवारची गोष्ट ऐकून कोणी गायक अडकायची वाट बघत बसू नका. जिमने त्याच्या तीन वर्षं आधीच ह्यूस्टनच्या एका छोट्या कंपनीसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली होती, ती चालली नाहीत एवढंच. शिवाय त्याचा आवाज देवाने दिलेला होता. माझा नाही, म्हणून मी अजूनही एमसीच आहे.

कसं जमवायचं, हे तुम्ही विचारलंत. रोज एक बातमी मोठ्याने वाचा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि स्वतःचे 'प' ऐका. सुरांसाठी वेगळा गुरू करा, ते माझं क्षेत्र नाही. आणि मांडवात कोणी "जरा एक गाणं म्हणतोस का?" असं विचारलं, तर आधी आकडा विचारा. मी आता गाण्याचे वेगळे लावतो, कार्डावरच छापलंय.