हैदराबादेत की हैद्राबादमध्ये, आणि मुळात कुठल्या?

प्रश्न असा आहे: फाळणीच्या काळातल्या आठवणींचा मराठी अनुवाद करताना 'हैद्राबाद' लिहावं की 'हैदराबाद', ते सिंधमधलं आहे हे वाचकाला कसं कळावं, आणि दोन्ही शहरांची नावं एकाच माणसावरून पडली का?

लेखनाचं आधी उरकतो. 'हैदर' हा अरबी शब्द, अर्थ सिंह. हैदर अलीला आपण कधी 'हैद्र अली' लिहीत नाही. बोलताना 'द'मधला अ गळतो हे खरं, पण 'सरकारी'तल्या 'र'चंही तेच होतं, म्हणून कुणी 'सर्कारी' लिहीत नाही. तेव्हा 'हैदराबाद'. 'हैद्राबाद' जुन्या छापील मजकुरात भरपूर सापडेल, त्यावर तांबडी शाई ओतायचं कारण नाही.

'आबाद' फारसी, म्हणजे वसलेलं, नांदतं. मराठीत तो इतका मुरलाय की सगळं सुखात असलं की आपण 'आबादीआबाद' म्हणतो. फारसीत 'आब' म्हणजे पाणी, म्हणून पाण्याकाठचं ते आबाद, अशी फोड ऐकायला मिळते. दोन्ही हैदराबादं नदीकाठची असल्यामुळे ती पटतेही पटकन. पण व्युत्पत्तीचे अभ्यासक हा शब्द राखणं, जपणं या अर्थाच्या 'पा' धातूकडे नेतात, संस्कृत 'पाति'चा तो सख्खा भाऊ.

आता माणूस. 'हैदर' हे प्रेषित मुहम्मदांचे जावई हजरत अली यांचं बिरुद, आणि दोन्ही नावांचा रोख सहसा त्यांच्याकडेच मानला जातो. दक्षिणेतलं शहर मुहम्मद कुली कुतुबशहानं १५९१ मध्ये वसवलं, सिंधमधलं तिथला राज्यकर्ता गुलामशाह कल्होडोनं १७६८ मध्ये. मध्ये १७७ वर्षं. दक्षिणेच्या नावामागे भागमतीची गोष्टही सांगतात: सुलतानाची ही प्रिया 'हैदरमहल' झाली आणि भागनगरचं हैदराबाद झालं. गोष्ट गोड आहे, तिच्यावर इतिहासकारांचं एकमत मात्र नाही. आपल्याला महत्त्वाचं हे की जुन्या मराठी कागदांत या शहराला सर्रास 'भागानगर' म्हटलेलं आहे. मराठी वाचकाला दोन शहरं वेगळी ओळखायला तेव्हा काहीच अडचण नव्हती!

सिंधमधल्या शहराचंही आधीचं नाव होतं, नेरूनकोट. तिथला पक्का किल्ला ज्या चुनखडीच्या कड्यावर उभा आहे, त्या डोंगररांगेला 'गंजो टकर' म्हणतात. मराठी कानाला 'टकर'मध्ये टक्कल ऐकू येतं, पण टकर म्हणजे टेकडी. टक्कल आहे ते 'गंजो'त. बोडकी टेकडी! शेजारून सिंधू वाहते, समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम दहा-पंधरा मीटर. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा समुद्राचा वारा घरात उतरावा म्हणून जुन्या घरांच्या छतांवर त्या दिशेला तोंड केलेली, वारा पकडणारी धुराड्यासारखी बांधकामं असत, त्यांना सिंधीत 'मंघ' म्हणतात. अनुवादात हा शब्द आला तर 'खिडकी' करू नका. 'मंघ' ठेवा आणि अर्ध्या वाक्यात समजवा.

दक्षिणेतलं शहर पाचशे मीटरांहून उंच पठारावर, ग्रॅनाइटच्या गोलगोल धोंड्यांमध्ये, मुसीच्या काठी. गंमत म्हणजे नदीवरचा पुराना पूल १५७८ चा, म्हणजे शहराच्या आधीचा.

वाचकाला फरक कळावा म्हणून पूर्वी 'हैदराबाद (सिंध)' आणि 'हैदराबाद (दक्षिण)' असं लिहीत. नामपल्लीच्या रेल्वे स्थानकाच्या नावात 'डेक्कन' अजून टिकून आहे. मात्र सिंधी माणूस नुसतं 'हैदराबादी' म्हणाला तर बहुधा त्याला आपल्या सिंधचेच आमिल (नोकरदार) आणि भाईबंद (व्यापारी) हे हिंदू सिंधी समाज अभिप्रेत असतात. निजामाचा इथे काही संबंध नाही. मराठवाड्यातल्या वाचकाचा कान मात्र हा शब्द ऐकताच थेट १७ सप्टेंबर १९४८ कडे वळणार. तुमच्या अनुवादात घोटाळा होणार तो इथेच, म्हणून पहिल्या उल्लेखाला 'सिंध हैदराबाद' लिहा आणि पुढे 'हैदराबादी'च्या जागी जमेल तिथे 'हैदराबादचे सिंधी' करा.

राहिला प्रत्यय. 'हैदराबादमध्ये' चूक नाही, पण नागपूरचं नागपुरात होतं, तसं बादचं 'बादात' होत नाही. दौलताबादेत, अहमदाबादेत, हैदराबादेत. ही नावं मिरजेच्या पंगतीला बसतात: मिरजेत, मिरजेहून. १८४३ च्या मियाणीच्या लढाईनंतर इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरनं सिंधचे राज्यकर्ते तालपूर मीर यांची ही राजधानी घेतली, ते वाक्य 'इंग्रज हैदराबादेत शिरले' असं लिहून मोठ्यानं वाचा, 'मध्ये' आपोआप गळेल.